दही-साखर आणि रिकामं पोट

"हिने काही खाल्लेलं नाही ना?" मी विचारलं.

"छे हो, डॉक्टरअक्का. रात्रीपासून पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तुम्ही बजावलं होतं ना," विमलाबाई म्हणाल्या. "नुसती दही-साखर दिलीय."

मी डोक्याला टोपी बांधत होते. हात तिथेच थांबले.

"नुसती काय दिलीय?"

"दही-साखर. घरातून निघताना, हातावर. चमचाभर असेल-नसेल."

विमलाबाईंच्या कमरेला मिठी मारून रत्ना उभी होती. वय सहाच्या आसपास, केस बारीक कापलेले, डावा गाल किंचित वर आलेला. ओठाच्या कोपऱ्यात दह्याचा पांढरा ठिपका अजून होता. आत थिएटरमध्ये उपकरणं उकळून मांडलेली, भूल देणारे डॉक्टर हात धुऊन तयार, आणि इथे माझा पेशंट दही खाऊन आलेला!

"अहो, मग ते खाणंच झालं की!" माझा आवाज चढला. माझा आवाज लवकर चढतो, हे बेंगळुरातल्या आमच्या बसवनगुडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"दही-साखर म्हणजे खाणं?" विमलाबाई खरोखरच गोंधळल्या. "ती कुणी पोट भरायला खातं का? ती शुभाची असते."

मीही मराठीच. आमचं घराणं पिढ्यानपिढ्या बेंगळुरात राहिलेलं, घरातल्या बोलण्यात अर्धी कन्नड शिरलेली, पण दही-साखर काही सुटली नव्हती. मी दातांचं शिकायला मुंबईला निघाले तेव्हा आईने माझ्याही तळहातावर ठेवली होती. 'काय खाऊन निघालीस' असं कुणी विचारलं असतं तर मीही 'काही नाही' म्हणाले असते. पण भुलेच्या ईथरला शुभ-अशुभ कळत नाही. पोटात काय आहे, एवढंच त्याला कळतं.

का ते सांगते. भूल चढताना आणि उतरताना पोटातलं वर येतं. तुम्ही-आम्ही जागे असलो तर ठसका लागतो, खोकतो, वाचतो. भूल दिलेलं मूल खोकत नाही. वर आलेलं सरळ छातीत उतरतं आणि मूल गुदमरतं. म्हणून पोट रिकामं लागतं. रिकामं म्हणजे रिकामं.

डॉक्टर सलडान्हा बाहेर आले. हे आमचे भूल देणारे. वयाने माझ्या दुप्पट, अनुभवाने चौपट. मूळचे मंगळूरचे. घरी कोंकणी, आमच्याशी इंग्रजी आणि चर्चमध्ये लॅटिन. त्यांना मी काय झालं ते सांगितलं.

"किती खाल्लं?"

"चमचाभर."

"चमचाभर दही म्हणजे दहीच. आज नाही. पुढच्या आठवड्यात."

"सूज पुन्हा येतेय, सर."

"सूज मला दिसते. पोटातलं दही मला दिसत नाही, म्हणून मी त्याला घाबरतो."

ते हातमोजे काढत निघून गेले. त्या इस्पितळात दातांच्या ऑपरेशनला आठवड्यातून एकच सकाळ मिळायची, ती गेली. विमलाबाईंचे डोळे भरले. मी त्यांना भरपूर बोलले, ते बोलण्यासारखंच होतं. पण रत्नाकडे बघून मला जरा चमत्कारिक वाटलं. ऑपरेशन रद्द झालं की मुलं उड्या मारत घरी जातात. ही आपला उजवा तळहात उघडून त्याच्याकडे बघत उभी होती.

रत्ना ही विमलाबाईंची दत्तक मुलगी. घरात येऊन फार तर दीड-दोन महिने झाले असतील. नंदगडकर नवराबायको मूळचे खानापूरकडचे. नंदगडकर इथल्या एका कारखान्यात टर्नर होते, म्हणजे लेथवर लोखंड कातायचं काम. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. मुलगी दत्तक घ्यायची म्हणजे लोक तोंडात बोट घालत. सासूबाईंनी गावाहून निरोप धाडला होता, घ्यायचंच तर दिराचं पोर घ्या, घरात आहेत की चार. विमलाबाईंनी तो निरोप ऐकला न ऐकलासा केला. त्या अनाथाश्रमात गेल्या. तिथे ही एका कोपऱ्यात तोंड मिटून बसली होती. विमलाबाईंनी मग दुसरीकडे बघितलंच नाही. रत्ना हे नाव आश्रमानेच ठेवलेलं, तेही बदललं नाही.

दातांची अशी दशा का झाली, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. "बायि तेगि," म्हणजे तोंड उघड, असं मी म्हणाले आणि गालात बोट घातलं. ती कचकन चावली. खूण अजून आहे. तिच्या गालात चपातीचा तुकडा होता आणि तो मी काढून घेणार असं तिला वाटलं. ही पोर खाल्लेलं सगळं गिळत नसे. थोडं गालात साठवून ठेवायची. भात, गूळ, जे मिळेल ते. पुढचं जेवण मिळेलच याची खात्री नसली की मूल दुसरं काय करणार? खिशातलं कुणीही काढून घेतं, गालातलं कोण काढणार? रात्री झोपायची तीही गाल भरून. दात किडणार नाहीत तर काय होईल!

डावीकडच्या खालच्या दाढांची नुसती मुळं उरली होती. त्यांतून पू जबड्याच्या हाडात उतरला होता आणि हाडाचा एक तुकडा मेला होता. मेलेलं हाड शरीर ठेवून घेत नाही. पायात मोडलेल्या काट्यासारखं ते आत पू करत राहतं. पेनिसिलिनची इंजेक्शनं देऊन मी सूज उतरवली होती, पण तो तुकडा काढल्याशिवाय सुटका नव्हती. उशीर झाला तर पू गळ्याकडे सरकतो आणि श्वास कोंडतो. शिवाय दुधाच्या दाढांखाली पक्क्या दातांचे कोंब बसलेले असतात. ते गेले की जन्माचे गेले. आणि जागेपणी हिरडी टोचून बधिर करून हे काम करायला ती तोंड उघडणार नव्हती.

पुढच्या खेपेसाठी मी विमलाबाईंना पुन्हा सगळं सांगितलं. "दही नाही, साखर नाही, तीर्थ नाही. अंगारा लावायचा तर कपाळाला लावा, जिभेला नाही. कळलं?"

"कळलं." त्या जागच्या हलल्या नाहीत. काहीतरी सांगायचं होतं.

"काय आता?"

माझ्या तोंडाकडे बघून त्या म्हणाल्या, "काही नाही."

पुढच्या आठवड्यात मी इस्पितळात पोचले तर व्हरांड्यात ही गर्दी. एका लोखंडी बाकाचा पाय रत्नाने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. नंदगडकर तिची बोटं एकेक करून सोडवत होते, एक सोडवलं की दुसरं पुन्हा आवळलं जात होतं. डोळ्यांतून धारा, तोंडातून आवाज नाही. ओठ मिटलेले. सूज आता जबड्याखाली उतरली होती. कपाळाला हात लावला तर ताप. आजची सकाळही गेली असती तर पुढच्या आठवड्यात काय दिसलं असतं, याचा विचार मला करवेना.

"उंबऱ्यापासून हेच चाललंय, डॉक्टर," नंदगडकर म्हणाले. घामाघूम झाले होते बिचारे. "उचलून जटक्यात घातली, तर घोडा बिथरला, एवढे हातपाय झाडले तिने."

मी रत्नासमोर उकिडवी बसले. "येनु पुट्टी? येनु बेकु?" काय गं बाळा, काय हवंय?

तिने बाकाचा पाय एका हाताने सोडला आणि तो हात माझ्यासमोर धरला. उजवा. तळहात वर. रिकामा.

"काय मागतेय ही?"

नंदगडकरांनी बायकोकडे पाहिलं. विमलाबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. आता त्यांना धीर धरवेना.

"दही-साखर मागतेय, डॉक्टरअक्का. शाळेत घातलं ना हिला, त्या दिवशी फाटकाबाहेर पाऊल टाकेना. तिला वाटलं, आश्रमात परत सोडायला निघालो. मग मी हातावर दही-साखर ठेवली. म्हटलं, आमच्यात ही घरच्याच माणसाला देतात. ही खाऊन जो बाहेर जातो, तो घरी परत येतो. तेव्हापासून रोज मागते. शाळेत जायचं असो की कोपऱ्यावर भाजीला, दिल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही."

"आणि आज दिली नाहीत."

"आज दिली नाही," विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आज आपल्याला परत आणायचं नाही, असं वाटतंय हो तिला."

मला मूल नाही, लग्न केलं नाही, लोक मला कडक समजतात. पण तो रिकामा हात बघून मला तिथेच रडू आलं असतं.

"हे मला मागच्याच आठवड्यात का नाही सांगितलंत?"

"तुम्ही ओरडत होतात," विमलाबाई म्हणाल्या.

तेही खरंच होतं.

तिला चिमूटभर दिली असती तर तिचं समाधान झालं असतं. पण सलडान्हांनी पुन्हा हातमोजे काढले असते, आणि ते बरोबरच होतं. दुसरा मार्ग सोपा होता. दोघांनी उचलायची, टेबलावर धरायची आणि तोंडावर मास्क ठेवायचा. त्या काळी मुलांना सर्रास तशीच भूल देत. मेलेलं हाड मी व्यवस्थित काढलं असतं. पण आपल्याला टाकून दिलं, हे मनात घेऊन ती झोपली असती, आणि जागी झाल्यावर तिने विमलाबाईंना पुन्हा कधी जवळ येऊ दिलं असतं की नाही, देव जाणे. सूज उतरवणं माझ्या हातात होतं. ते दुसरं माझ्या हातात नव्हतं.

तेवढ्यात थिएटरचं दार उघडून सलडान्हा बाहेर आले. "मागच्या वेळी दही. आज काय, ताक?"

"पाच मिनिटं द्या, सर." मी विमलाबाईंकडे वळले. "दही आणलंय का बरोबर?"

त्यांनी घाबरत घाबरत पिशवीतून फडक्यात बांधलेली वाटी काढली. "शुद्धीवर आली की द्यावी म्हणून. आधी नाही हं, शप्पथ."

"असू दे. आणलीत ते बरं केलंत."

मी रत्नाशी कन्नडमध्येच बोलले. तिला मराठी अजून थोडीथोडीच कळायची.

"रत्ना, आत जाऊन तू काय करणार? झोपणार. रात्री झोपताना अम्मा दही-साखर देते का?"

तिने बराच विचार केला. मग मान हलवली. नाही.

"बघ! झोपणाऱ्याला ती लागत नाही. काम आहे ते माझं. आत जायचंय मला. माझ्या हातावर कोण ठेवणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मग आईकडे. मला वाटलं, झालं, फसलं. आणि विमलाबाईंनी वाटी तिच्यापुढे धरली.

"तूच दे की," त्या म्हणाल्या. "घरच्याच माणसाने द्यायची असते. तू दे."

ही गोष्ट मला सुचली नव्हती. ती त्यांनाच सुचणार.

रत्नाने दुसऱ्या हातानेही बाकाचा पाय सोडला. तीन बोटं वाटीत बुडवून तिने माझ्या तळहातावर दही ठेवलं. सांडू नये म्हणून खालून आपला हात लावला, आई लावत असेल अगदी तसा. मी खाल्लं. दातांची डॉक्टर, सकाळच्या पारी इस्पितळाच्या व्हरांड्यात साखर चाटतेय! नर्सेस बघत होत्या. बघू देत.

मग तिची नजर सलडान्हांवर गेली. टोपी, गाऊन, सगळा थाट.

"हे पण येणार आत," मी म्हणाले.

ती वाटी घेऊन त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मी हात धुतलेत, डॉक्टर," ते माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले.

"पुन्हा धुवा, सर."

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या पोरीच्या सुजलेल्या गालाकडे. मग निमूटपणे हात पुढे केला.

"उजवा, डॉक्टर, उजवा," विमलाबाई घाईने म्हणाल्या.

त्यांनी हात बदलला. दही खाल्लं, बोटं चाटली आणि गंभीरपणे रत्नाला म्हणाले, "सक्करे स्वल्प कम्मी." साखर जरा कमी आहे. रत्नाने वाटीत डोकावून पाहिलं. तिचं तोंड तेव्हा जरासं उघडलं, हसायला असावं.

विमलाबाईंनीही हात पुढे केला. लेकीच्या हातचं त्यांनाही हवंच होतं की. पण रत्नाने वाटी झटकन मागे घेतली.

"नीनु तिन्नबेड," ती म्हणाली. तू खाऊ नकोस.

त्या सकाळचं तिचं हे पहिलं बोलणं. विमलाबाईंचा चेहरा एवढासा झाला. मलाही क्षणभर राग आला त्या पोरीचा. मग लक्षात आलं. ही खाऊन माणूस बाहेर जातो. परत येतो, पण जातो तर खरा. आईने जायचंच नव्हतं.

मी विमलाबाईंना तसं सांगितलं. वाटी दोन्ही हातांत घेऊन त्याच बाकावर बसल्या.

"आम्ही बाहेर येईपर्यंत इथून उठायचं नाही," मी म्हणाले.

"मी कशाला उठतेय?"

रत्ना माझं बोट धरून थिएटरमध्ये चालत आली. चावली होती तेच बोट. टेबलावर स्वतः चढली. सलडान्हांनी तारेच्या जाळीचा मास्क तिच्या नाकावर धरला, त्यावरच्या गॉझवर ईथर थेंबथेंब सोडलं आणि तिला कन्नडमध्ये आकडे म्हणायला सांगितले. तिने दोन आकडे म्हटले. तिसरा अर्धा राहिला.

झोप लागल्यावर सलडान्हांनी नाकातून नळी घातली, कारण तोंड मला मोकळं लागतं. रक्त खाली जाऊ नये म्हणून घशाशी गॉझची पट्टी ठेवली. मी हिरडी कापून बाजूला केली. मुळं निघाली, ती निघायचीच होती. हाडाचा तुकडा आतल्या बाजूला चिकटून बसला होता. जोर लावावा तर जबडा नाजूक, न लावावा तर निघत नाही. हळूहळू सैल केला आणि चिमट्यात धरला. खडबडीत, पिवळट, अंगठ्याच्या नखाएवढा. त्याच्यामागून पू आला. जागा धुऊन घेतली आणि आत पाहिलं. पक्क्या दाढेचा कोंब जागच्या जागी होता, स्वच्छ पांढरा. मी मोठा श्वास सोडला, तो सिस्टरलाही ऐकू गेला.

भूल उतरताना तिला उलटी झाली. सलडान्हांनी तिला चटकन कुशीवर वळवलं. नुसतं पाणी आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मागच्या आठवड्यातलं दही आम्हा दोघांनाही आठवलं होतं.

बाहेर आले तर विमलाबाई तशाच बसलेल्या. झाडूवाली फिनेलचं पाणी घेऊन आली होती, तेव्हा यांनी फक्त पाय वर घेतले होते म्हणे. मुलगी उपाशी म्हणून त्याही सकाळपासून उपाशीच होत्या. वाटी हातात, वर फडकं.

"झालं," मी म्हणाले. "सगळं निघालं. हाड निघालं, कोंब शाबूत आहे."

मग मात्र त्या रडल्या. मीही डोळे पुसले, टोपी काढायच्या निमित्ताने.

वॉर्डात रत्नाने डोळे उघडले ते दुपारी. आधी आईला शोधलं, मग आईच्या हातातली वाटी. "कोडु," म्हणाली. दे. आवाज फुटत नव्हता. अशा ऑपरेशननंतर गार, मऊ असं दही चालतं. साखरेला मी एरवी सक्त मनाई करते. त्या दिवशी गप्प बसले. विमलाबाईंनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. तिने चाटली, आणि सवयीप्रमाणे जीभ फिरवून घास उजव्या गालात सरकवला. गाल फुगला. मी बघत होते. तिने वाटीकडे पाहिलं. वाटीत अजून होतं. आईकडे पाहिलं. आई तिथेच होती.

तिने गिळलं. गळा हललेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

पोट रिकामं ठेवा, हे सगळेच डॉक्टर सांगतात. मी त्यानंतर आणखी एक विचारायला लागले, घरातून निघताना मुलाच्या हातावर काय ठेवता? कुणी दही-साखर म्हणे, कुणी देवाचा प्रसाद, कुणी दर्ग्यातले बत्तासे. 'ते काय खाणं आहे का?' असं प्रत्येक जण विचारी. मी सांगत असे, नाही, खाणं नाही, पण आज ते मुलाने माझ्या हातावर ठेवायचं. त्यापायी माझ्या स्वतःच्या दोन दाढा किडल्या. त्या मी सलडान्हांची भूल न घेता जागेपणीच काढून घेतल्या. पण दही खाल्लेलं मूल माझ्या टेबलावर पुन्हा चढलं नाही, आणि कुठलंही मूल ओढून आत न्यावं लागलं नाही.